काटा दोघांच्याही अंगावर

एका वाचकाने लिहिलं आहे: वय 34. भयपटांचा नाद शाळेपासूनचा. रात्री दिवे घालवून एकट्याने बघण्यातच त्यांना खरी मजा येते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीने रस्त्यावर सापडलेली एक काळी मांजर घरी आणली. मांजर रात्री झोपायच्या खोलीच्या दारात बसून एकटक बघते. मोबाइलचा टॉर्च मारला की तिचे डोळे हिरवे पेटतात. कधी ती रिकाम्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहते. एकदा अंधारात तिच्या शेपटीवर त्यांचा पाय पडला, तेव्हा ती पाठीची कमान करून, अंग फुगवून फिसकारली. त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली आहे. पत्नीला खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी 'मला मांजराची ॲलर्जी आहे' असं सांगितलं. पत्नी आता दिवसातून दोनदा घर पुसते, आणि मांजरीसाठी दुसरं घर शोधताना रडते. ते विचारतात: "इतक्या चित्रपटांत मांजरच का दाखवतात? काहीतरी असल्याशिवाय का? आणि मी ही मांजर जाऊ द्यावी की नको?"

तुमचं 'काहीतरी असल्याशिवाय का' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्रातल्या बाकीच्या अडचणी या एका वाक्याला टेकून उभ्या आहेत, म्हणून आधी त्याच्याकडेच वळते. मीही भयपट आवडीने बघते. तुम्ही माझ्याहून जास्त पाहिले असतील. पण त्यातल्या मांजरीकडे तुम्ही नीट पाहिलंय असं मला वाटत नाही.

एडगर ॲलन पो यांची 'द ब्लॅक कॅट' ही कथा 1843 साली छापून आली. काळं मांजर आणि भय यांची जी जोडी पुढे पडद्यावर स्थिरावली, तिचं मूळ बरंचसं या कथेत आहे. त्यात मांजर काय करतं ते आठवून पाहा. दारूच्या आहारी गेलेला एक माणूस आपल्याला जीव लावणाऱ्या मांजराचा डोळा काढतो, नंतर त्याला फास देऊन मारतो. पुढे दुसरं मांजर घरात येतं. त्याच्यावर उगारलेली कुऱ्हाड अडवायला बायको मध्ये पडते, तेव्हा हा तिलाच मारतो आणि प्रेत भिंतीत चिणतो. पोलीस येतात, शोधतात, त्यांना काही सापडत नाही. ते निघण्याच्या बेतात असताना भिंतीतून आक्रोश ऐकू येतो. प्रेताबरोबर मांजरही जिवंत चिणलं गेलेलं असतं. आता हे लक्षात घ्या की ही सगळी हकिकत खुन्याच्या तोंडची आहे. मांजर सैतानी होतं असं तोच म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर आपण इतकी वर्षं विश्वास कसा ठेवला, याचं मला नवल वाटतं.

हेच पुढे किती चित्रपटांत दिसतं बघा. 'कुरोनेको' हा 1968 सालचा जपानी चित्रपट. लढाईच्या धामधुमीत सैनिकांची एक टोळी एका झोपडीत शिरते, सासू आणि सुनेवर अत्याचार करते, घर पेटवून निघून जाते. त्या दोघींजवळ शेवटी येतं ते एक काळं मांजर. मग त्या मांजराचं रूप घेतलेली भुतं होऊन परततात. भीती आपल्याला त्या भुतांची वाटते, पण अत्याचार केला कोणी? 'द ग्रज'मधल्या घरात नवरा बायकोचा खून करतो, मुलाला मारतो, मांजरालाही सोडत नाही. मग त्या मुलाच्या तोंडून मांजराचा आवाज येतो आणि आपण शहारतो. 1985 सालच्या 'कॅट्स आय'मध्ये तर मांजर झोपलेल्या बाळाचा श्वास ओढून घेतं ही जुनी समजूतच उलटी केली आहे. छोट्या मुलीची आई मांजरावर संशय घेते, त्याला घराबाहेर काढते, आणि मुलीचा श्वास चोरायला खरोखर जो जीव येतो त्याच्याशी झुंजतं तेच मांजर. 'एलियन'मध्ये अख्ख्या अंतराळयानात दोघंच वाचतात, नायिका रिप्ली आणि जोन्स नावाचा बोका.

म्हणजे बहुतेक कथांमध्ये मांजर साक्षीदार असते. माणसाने घरात काय केलं ते तिने पाहिलेलं असतं, किंवा त्याचा घाव तिच्याच अंगावर बसलेला असतो. तिला बोलता येत नाही, म्हणून ती बघत राहते. आणि ज्याच्या मनात काही लपवलेलं आहे त्याला ते बघणं सहन होत नाही. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

खलनायक म्हणून वापरलेल्या मांजरी आहेतच, ते नाकारत नाही. 'पेट सेमेटरी' या चित्रपटात टेकडीवरच्या एका दफनभूमीत पुरलेला जीव परत येतो. त्यातला चर्च हा बोका मेल्यावर असा परत येतो तेव्हा तो खरोखर भयानक झालेला असतो. पण त्याला त्या जागी पुरलं कोणी, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. त्यावरही बोलायचं आहे.

आधी तुमच्या दारात बसणाऱ्या मांजरीबद्दल. पडद्यावरची भीती घरात आली कशी, ते कळलं तर अर्धी झोप तरी परत मिळेल.

मांजरीच्या डोळ्यांत आतल्या पडद्याच्या (दृष्टिपटलाच्या) मागे एक चमकता थर असतो. आत आलेला उजेड तो पुन्हा पडद्यावर परतवतो, म्हणून आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात तिचं भागतं. उरलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. टॉर्च तुमच्या डोळ्यांजवळ असला की तो थेट तुमच्याकडे येतो. तुम्ही ज्याला घाबरलात तो तुमच्याच मोबाइलचा उजेड आहे. चित्रपटात कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी दिवा लावला की नेमकं हेच होतं. उभ्या चिरेसारखी बाहुलीसुद्धा शिकारीसाठी आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जमिनीवर राहणाऱ्या 214 जातींच्या प्राण्यांचे डोळे पाहिले गेले. उभी चीर प्रामुख्याने आढळली ती जमिनीलगत दबा धरून बसणाऱ्या छोट्या शिकाऱ्यांमध्ये, कारण तिने झेपेचं अंतर अचूक कळतं. त्या डोळ्यांचं सगळं लक्ष उंदरावर असतं.

रिकामी भिंत तिच्यासाठी रिकामी नसते. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो; मांजरीला 60,000 च्याही वरचा येतो. उंदराच्या पिल्लांचं चिवचिवणं, भिंतीच्या पोकळीतली किड्याची खसखस आपल्या कानांच्या पलीकडची असते, तिच्या कानांसमोर ती उघडी असते. पुढच्या वेळी तिच्या डोळ्यांपेक्षा कान बघा. ते आवाजाच्या दिशेने बारीक बारीक वळत असतात.

आणि आता ती फिसकारण्याची रात्र. भीती वाटली की आपल्या अंगावर काटा येतो. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. आपल्या अंगावर केस विरळ, त्यामुळे काट्याचा उपयोग काही होत नाही. मांजरीच्या अंगावर तोच काटा आला की ती दुप्पट दिसते, आणि घाबरलेल्या छोट्या जिवाला मोठं दिसण्याची गरज असते. कमान केलेली पाठ, आडवं केलेलं अंग, फुगलेली शेपूट, मागे चिकटलेले कान, फिसकारणं, हे सगळं 'माझ्या जवळ येऊ नकोस' असं विनवणं आहे. तिला लढायचं नसतं. लढाई टळावी म्हणून हा सगळा खटाटोप. भयपटांनी नेमकी हीच मुद्रा उचलली आणि तिला हल्ल्याचं चिन्ह करून टाकलं. घाबरलेल्या जिवाचा चेहरा दाखवून आपल्याला त्याच जिवाची भीती घातली. मला हे मनापासून खटकतं. त्या रात्री अंधारात तुमच्या दोघांच्याही अंगावर काटा होता. तुम्हाला तुमचा जाणवला. तिला चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरून उचलून आणलेलं, आणि झोपेत कुणीतरी तिच्या शेपटीवर आपलं सगळं वजन टाकलेलं.

चित्रपटांच्या शौकिनाला मी एक प्रयोग सुचवते. मांजराने दचकवणारा तुमच्या आवडीचा प्रसंग काढा आणि आवाज पूर्ण बंद करून बघा. उरतं काय? एक मांजर फळीवरून खाली उडी मारते. चित्रीकरणात एकाच भूमिकेसाठी सारख्या दिसणाऱ्या अनेक मांजरी वापरतात. एक उडी मारायला शिकवलेली, एक शांत बसणारी, एक उचलून घेऊ देणारी. खाऊ दाखवून त्यांना इथून तिथे नेलं जातं. फिसकारणं बरेचदा नंतर वेगळं जोडतात, तेही शांततेच्या लांब तुकड्यानंतर, मोठं करून. मांजरीच्या नावावर जमा असलेला सर्वांत गाजलेला दचका तर मांजरीविनाच घडला आहे. 1942 सालच्या 'कॅट पीपल'मध्ये एक तरुणी रात्री निर्जन रस्त्याने चालली आहे, मागे पावलं वाजतात, मग थांबतात. हिंस्र गुरगुर येईल असं वाटत असताना मोठ्ठा फिस्स आवाज होतो, आणि ती असते एक बस. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. त्याच चित्रपटात नायिकेला भेट दिलेलं मांजराचं पिल्लू तिच्याकडे बघून फिसकारतं. घाबरलेलं ते पिल्लू असतं.

बाकी ही बदनामी चित्रपटांच्या फार आधीची आहे. 1233 साली पोप नववे ग्रेगरी यांच्या एका फर्मानात पाखंडी लोकांच्या गुप्त विधींचं वर्णन आलं, त्यात एक काळं मांजर आहे. 1566 साली इंग्लंडमध्ये ॲग्नेस वॉटरहाउस या विधवेला चेटूक केल्याबद्दल फाशी दिलं गेलं. तिच्या मांजराचं नाव 'सेटन', म्हणजे सैतान, होतं, हे खटल्यात पुरावा म्हणून आलं. एकटी बाई आणि तिचं मांजर, दोघांकडे बोट दाखवणं सोपं होतं. त्याच इंग्लंडमध्ये पुढे काळं मांजर शुभ मानलं जाऊ लागलं, जपानमध्येही तसं मानणारे आहेत. रंग तोच, मांजर तेच. आपल्या भाषेनेही तिला दोन्हीकडून पाहिलं आहे: डोळे मिटून दूध पिणारी लबाड तीच, आणि 'मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत' असं ज्या आईबद्दल म्हणतो तीही तीच.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मांजर दाखवतात, कारण तिचे डोळे चमकतात, पावलं वाजत नाहीत, ती अंधारात वावरते आणि तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला काही कळत नाही. न कळणाऱ्या चेहऱ्यावर आपल्याला हवं ते लिहिता येतं. दिग्दर्शक लिहितो. त्या रात्री तुम्हीही लिहिलंत.

आता तो खोटेपणा. तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकलात, मला तिथे जास्त थांबावंसं वाटतं.

'पेट सेमेटरी' तुम्ही पाहिला असणारच. चर्च गाडीखाली मरतो तेव्हा घरातली बाकीची मंडळी बाहेरगावी असतात. बाप मुलीला सांगू शकत नाही की तुझं मांजर गेलं. ते एक दुःखाचं वाक्य टाळण्यासाठी तो शेजाऱ्यामागून चर्चला पुरायला त्या टेकडीवर जातो, आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. तुमच्या घरात असलं काही घडणार नाही. पण एक अवघड वाक्य टाळण्यासाठी तुम्ही दुसरं सोपं वाक्य पुढे केलंत, आणि आता तुमची पत्नी एका नसलेल्या आजारासाठी घर पुसते आहे. मांजर तुमच्याकडे एकटक बघते तेव्हा ते तुम्हाला इतकं लागतं, त्यात या खोट्याचाही वाटा आहे का, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. मी तुम्हाला दोष देत नाही. प्रौढ माणसाला मांजरीची भीती वाटते हे बोलून दाखवणं सोपं नसतं, आणि भयपट हसत हसत बघणाऱ्याला तर ते आणखी जड जातं. पण भीती बालिश नसते. ती शरीरात असते; तर्काने ती लगेच निघत नाही. तुमच्या पत्नीला ती कळेल की नाही, हे तुम्ही तिच्या वतीने आधीच ठरवून टाकलं आहे.

म्हणून पहिलं काम हेच: दुसरं घर सापडायच्या आत तिला सांगा. लांबण लावू नका. 'मला ॲलर्जी नाही. मला तिची भीती वाटते, आणि सांगायची लाज वाटली.' तिला राग येईल. येऊ द्या. रोजचं घर पुसणं आणि रडणं यांच्यावर तिचा तेवढा हक्क आहे. त्या रागातून सुटण्यासाठी लगेच 'मग ठेवू या आपण मांजर' असं वचन मात्र देऊ नका. जे जमेल की नाही ठाऊक नाही ते कबूल करण्यापेक्षा सहा आठवडे मागून घ्या.

त्या सहा आठवड्यांत काय करायचं? सर्वांत आधी वाटेत एक मंद दिवा रात्रभर जळता ठेवा. मग डोळे पेटणार नाहीत, शेपटीवर पाय पडणार नाही. टॉर्च तिच्या तोंडावर मारायचा नाही. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून तिला खेळवा आणि त्यानंतर लगेच खायला द्या. मांजरी पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक चपळ असतात. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप असा त्यांचा क्रम असतो, तो रात्रीच्या सुरुवातीलाच पुरा झाला की दारातला पहारा कमी होतो. हे खायला घालणं तुम्ही करा, पत्नीने नको. मांजरीच्या लेखी तुम्ही अजून शेपटीवर पाय देणारा माणूस आहात.

जवळीक वाढवायला घाई करू नका. जमिनीवर बसा, बाजूला तोंड करून. उभा, मोठा, थेट डोळ्यांत बघणारा माणूस मांजरीला धमकीसारखा वाटतो. ती बघत असेल तेव्हा डोळे अर्धवट मिटा, क्षणभर मिटलेले ठेवा, सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की असं सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाकडे बघून मांजरीही तसेच डोळे मिटण्याची शक्यता वाढते, आणि अनोळखी माणसाने तसं केलं तर त्याच्या हाताजवळ येण्याचीही. तिने डोळे मिटले तर त्याचा अर्थ इतकाच की तुमच्यासमोर क्षणभर आंधळं व्हायला ती तयार आहे. रस्त्यावर वाढलेल्या जिवाच्या दृष्टीने हे फार मोठं आहे. पिल्लं माणसाला सरावतात ती मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या वयात तिला माणूस भेटला नसेल तर वेळ लागेल, आणि तो दोष तिचाही नाही, तुमचाही नाही.

ती फिसकारली तर मागे सरका. कोपऱ्यात गाठू नका, ओरडू नका. कधी ओरखडा किंवा चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजरीचे दात बारीक आणि खोल जाणारे असतात, जखम वरून छोटी दिसली तरी आत चिघळते. ती रात्री बाळासारखी रडत असेल (तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बऱ्याच वाचकांच्या पत्रांत हे असतं) तर बहुधा ती माजावर आहे. पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतली की ते थांबतं.

भयपट सोडायची गरज नाही. फक्त हे सहा आठवडे मांजरीचे चित्रपट रात्री एकट्याने नकोत. झोपेआधी पाहिलेलं घरभर हिंडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दुपारी, पत्नीबरोबर बघा. 2024 सालचा 'अ क्वाएट प्लेस: डे वन' बघा, त्यात आवाज झाला की मरण अशा जगात एक मांजर माणसांबरोबर शेवटपर्यंत टिकते. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत आणि असे चित्रपट बघून पाळलेल्या मांजराला घाबरू लागली आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: 'घाबरायचं काय त्यात' म्हणू नका. तो प्रसंग आवाज बंद करून मुलाबरोबर बसून बघा, आणि मग घरच्या मांजराचे कान कुठे वळतात ते दोघांनी मिळून शोधा.

सहा आठवड्यांनंतरही छातीत धडधड तेवढीच असेल, तिला टाळण्यासाठी तुम्ही खोल्या बदलत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मांजरीची तीव्र भीती हा ओळखीचा त्रास आहे. आधी चित्र, मग दुरून प्रत्यक्ष मांजर, मग जवळून, असं टप्प्याटप्प्याने सरावून तो कमी करता येतो. आणि तरीही नाहीच जमलं, तर तिला चांगलं घर शोधून देण्यात क्रूरपणा नाही. घाबरलेल्या माणसाबरोबर राहणं तिलाही सुखाचं नसतं. फक्त ते घर तुम्ही दोघांनी मिळून शोधा, खरं कारण दोघांनाही ठाऊक असताना. नव्या घरच्यांना 'काळी आहे, रात्री डोळे चमकतात' अशा गोष्टी ऐकवू नका. तिला काय खायला आवडतं, ती कुठे झोपते, कशाने दचकते, हे लिहून द्या. हे लिहिता यावं म्हणून तरी तिला थोडं बघावं लागेल.

एक गोष्ट राहिली. तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात तुम्ही तिला 'ते जनावर', 'ती काळी', 'ती वस्तू' असं म्हटलं आहे, पण चार महिने घरात असलेल्या या मांजरीचं नाव कुठेच नाही. तुमच्या पत्नीने तिला काहीतरी हाक मारायला ठेवलंच असेल. ते मला कळवा.